व्हाइटबार्कचं बी

यशोधनने फ्रिज उघडला. ओल्या वाळूचा डबा जागेवर नव्हता. तिथे कढीपत्ता होता.

"आई, माझा डबा?"

"घासून ठेवलाय," सिंधुबाई म्हणाल्या. जुन्नरहून त्या नुकत्याच मुलाकडे आल्या होत्या. "बी किती ओलं होतं रे. बुरशी धरली असती. वाळत घातलंय."

त्र्याण्णवचा फेब्रुवारी. विलायतेतल्या हॅरोत ऊन नव्हतं, म्हणून त्यांनी रेडिएटरवर वर्तमानपत्र पसरून बी कडकडीत वाळवलं होतं. वर राखही चोळली होती, गावाकडे पेरणीच्या बियाण्याला चोळतात तशी. चुलीची राख इथे कुठली, म्हणून उदबत्तीची.

कॅनडाच्या पश्चिमेकडच्या डोंगरउतारावरल्या एका व्हाइटबार्क पाइनच्या झाडाचं बी होतं ते. त्या उतारावरची बाकी झाडं तांबेरा रोगाने वाळून गेली, हे एकच झाड टिकलं होतं. त्याच्या बिया एक राखाडी पक्षी मातीत पुरून ठेवायचा, अस्वलं त्या हुंगत यायची. मागच्या उन्हाळ्यात वणव्यात तेही गेलं. उरलेल्या मूठभर बिया, प्रयोगशाळेचा फ्रिज बिघडला म्हणून यशोधनने घरी आणल्या होत्या. आईला सांगायचं राहून गेलं होतं.

"सुकं बी टिकतं, आई. पण हे थंडीत भिजून जागं झालं होतं. टरफलं उकलली होती. जागं झालेलं बी पुन्हा सुकलं की मरतं."

"मग परत भिजव की."

त्याने पिशवीतून तपासणीचं द्रावण काढलं. ब्लेडने काही बिया उभ्या चिरून त्यात टाकल्या आणि वाटी झाकून त्याच रेडिएटरवर ठेवली. "आतला अंकुर लाल झाला तर जिवंत."

दुपारी सगळे पांढरे. त्याने आणखी चिरल्या. त्याही पांढऱ्या. थोड्याच बिया तपासायच्या आणि बाकीच्या वाळूत परत ठेवायच्या, हे त्याला पाठ होतं. पण हात थांबेना.

"अरे, ते शेवटचं एक तरी राहू दे."

"कशाला? तेही मेलेलंच असणार," म्हणत त्याने ब्लेड टेकवलं.

संध्याकाळी झाकण सिंधुबाईंनीच उचललं.

"यशो, हे बघ. लाल झालंय. म्हणजे जिवंत आहे ना?"

यशोधनने दोन्ही फाकी बोटांत धरून एकमेकींना जुळवून पाहिल्या.

"होतं," तो म्हणाला.