खर्जाची जागा

"अहो काका, आम्ही बसायचं कुठे? सोफ्यावर तर तुम्ही डब्यालाच बसवलंत!"

घरच्या सुनेने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि हसू दाबलं. सोफ्याच्या ऐन मधोमध, घरच्या कर्त्याच्या जागेवर, तो काळा चौकोनी सबवूफर, खर्जाचा स्पीकर, रुसून आलेल्या व्याह्यासारखा ऐसपैस बसला होता. आणि त्याच्यासमोर, गुडघ्यांना जाड पट्टे बांधून, एक साठीला टेकलेला माणूस जमिनीवर रांगत होता.

"ताई, आज त्याचा मान, उद्यापासून तुमचा," खर्जकाका रांगता रांगताच म्हणाले. "तुम्ही जिथे बसून ऐकणार, तिथे आधी याला बसवायचं. मग आपण कान खाली घालून खोलीभर हिंडायचं. जिथे आवाज गोड लागेल ती याची जागा. मग अदलाबदल. जो सूर इकडून तिकडे नीट पोचतो, तो तिकडूनही इकडे नीटच येतो."

"म्हणजे सगळ्या घरांत तुम्ही असे...?"

"सगळ्या. अठ्ठावीस वर्षं झाली. आमची मंडळी सांगते सगळ्यांना, हे चालायला शिकलेच नाहीत म्हणून."

त्यांचं खरं नाव स्पीकरच्या दुकानाच्या हजेरीपटावर होतं आणि बहुधा तिथेच राहिलं होतं. दुकानातली बाकीची माणसं डबा कोपऱ्यात सरकवत, एक वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडत आणि दहा मिनिटांत जिना उतरत. काकांना अख्खी दुपार लागे. मालक कुरकुरत, पण काकांनी बसवलेल्या घरातून तक्रार म्हणून कधी आली नाही. रांगताना ते स्वतःशीच काहीतरी जुळवून गुणगुणत असत:

उंच सूर पाखरू गं, कुठंही ते विसावतं,
खर्ज जड पावलांचा, त्याला घर ओळखतं.

घरचा मुलगा फोन संपवून आत आला. चाळिशी ओलांडलेला, सदा घाईतला माणूस. "काका, अजून रांगताय? मी म्हटलं ना, कोपऱ्यात टाका. प्लग तिथेच आहे. सहाला मित्र येतायत माझे."

कोपऱ्यात वेताची खुर्ची होती आणि खुर्चीत अप्पा, त्याचे वडील. अप्पांनी चाळीस वर्षं छापखान्यात मशीन चालवलं. मशीनने त्यांना भाकरी दिली आणि बदल्यात कान घेतले. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, ते त्यांनी महिन्याभरात खणात ठेवून दिलं. "माणसं ऐकू येत नाहीत त्यातून," ते म्हणाले होते, "नुसती भांडी ऐकू येतात." तेव्हापासून ते या कोपऱ्यात बसत. तिथून घराचं दार दिसे, स्वयंपाकघर दिसे, येणारा-जाणारा दिसे. ऐकता येत नसलेलं घर ते डोळ्यांनी ऐकत.

"खुर्ची आतल्या खोलीत जाईल," मुलगा म्हणाला. "वारा छान येतो तिथे. आणि अप्पांना तसंही..." त्याने आपल्या कानाशी बोट नेलं.

"विचारलंत का त्यांना?" सून म्हणाली.

"विचारलेलं कळायला नको का!"

अप्पांना कळलं होतं. मुलाचं बोट आधी कोपऱ्याकडे, मग आतल्या दाराकडे गेलेलं त्यांनी पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, चष्मा डबीत ठेवला, डबी खिशात. गाडी यायच्या आधीच सामान आवरून बसणाऱ्या उतारूसारखे ते तयार झाले.

खर्जकाकांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांच्या डब्याला जागा करून देण्यासाठी आजवर काय काय हललं होतं! शिवणयंत्रं, पुस्तकांची कपाटं, एकदा तर पाळणा. ते कधी बोलले नव्हते. घर ज्याचं, शब्द त्याचा. पण या कोपऱ्यात आवाज चांगला लागत नव्हता, हे खरं होतं. की म्हाताऱ्याची दया येऊन कान फितूर झाला होता? सोफ्यावरच्या डब्यातून गाणं चालूच होतं; ते पुन्हा एकदा सगळी खोली रांगले. कोपऱ्यात, अप्पांच्या पायाशी, कान टेकवला. आवाज भरपूर होता, पण घागरीत तोंड घालून बोलावं तसा, एकात एक मिसळलेला. खिडकी आणि पुस्तकांच्या कपाटाच्या मधे मात्र प्रत्येक ठोका सुटा, स्वच्छ, ओंजळीत घ्यावा असा. नाही, कान इमानी होता.

गुडघे दाबत ते उठले. "साहेब, याची जागा ही. खिडकीपाशी."

"तिथे प्लग कुठाय?"

"वायर आहे माझ्या पिशवीत. भिंतीकडेच्या पट्टीखालून नेतो, दिसायची नाही."

"पण कोपऱ्यात आवाज मोठा येतो ना?"

"मोठा येतो. चांगला येत नाही. ऐकून तर बघा. नाही पटलं तर खुर्ची मी स्वतः उचलेन."

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, हे आपण काय कबूल करून बसलो.

वायर नेली, डबा खिडकीपाशी ठेवला, गाणं परत लावलं. आवाज अगदीच पाणचट आला. मुलाने भुवया उंचावल्या. काका डब्यामागे वाकले आणि छोटं बटण दुसऱ्या बाजूला सरकवलं. समोरचे दोन मोठे स्पीकर हवा पुढे ढकलत होते तेव्हा हा बिचारा मागे ओढत होता. झोपाळ्याला दोघांनी दोन बाजूंनी एकदम धक्का दिला तर तो जाणार कुठे? बटण सरकलं आणि खर्ज खोलीत आला, एखादा मोठा माणूस दार न वाजवता हळूच आत यावा तसा.

"वा!" मुलगा म्हणाला. आणि लगेच, "पण हे काय वाजतंय?"

झर्रर. प्रत्येक खालच्या सुराबरोबर कुठेतरी काहीतरी थरथरत होतं.

काकांनी खिडकीची काच दाबली. तसबिरी उतरवल्या. पडद्याचा दांडा धरून पाहिला, टेबलावरचे कप उचलायला लावले. झर्रर. अर्धा तास गेला. भल्या भल्या घरांतले आवाज शोधून काढणारे ते कान आज हरले. आवाज चारी बाजूंनी आल्यासारखा वाटे.

"जाऊ दे काका," मुलगा म्हणाला. आवाजात राग नव्हता, घाई होती. "कोपराच बरा. घ्या, एका बाजूने धरा."

शब्द दिला होता. काका खुर्चीकडे गेले. पण खुर्ची रिकामी होती.

अप्पा चपला काढून खोलीच्या मधोमध उभे होते. अनवाणी पावलं फरशीवर पसरून, डोळे बारीक करून. मग ते चालू लागले. भिंतीवर तळवा ठेवला, उचलला. खिडकीच्या चौकटीवर ठेवला, उचलला. कपाटाशी आले, फळीवरून हात फिरवत खाली वाकले आणि हात पाठीमागे घातला. कपाटाची मागची पातळ फळी त्यांनी अंगठ्याने दाबली.

झर्रर थांबली.

अंगठा काढला. झर्रर. दाबला. शांत.

"खिळा निसटलाय," अप्पा म्हणाले. बहिऱ्या माणसाचा मोठा आवाज, पण कामावरचा. "मशीनचं बेअरिंग गेलं की कानाला मागाहून कळतं. तळव्याला आधी."

खर्जकाका बघतच राहिले. अठ्ठावीस वर्षं आपण कान जमिनीला लावत हिंडलो, आणि हा माणूस सबंध वेळ त्या खुर्चीत पायांनी ऐकत बसला होता. त्यांनी पिशवीतून स्क्रू आणि पेचकस काढला. आपलं हत्यार ते कुणाच्या हाती देत नसत. त्यांनी मुठीची बाजू पुढे केली.

अप्पांनी पेचकस हातात तोलून पाहिला, मान डोलावली आणि स्क्रू पिळला. हात जरासुद्धा हलला नाही.

सून म्हणाली, "बघा! मेकॅनिक घरातच होता आणि आपण त्याला आत पाठवत होतो."

मुलगा कोपऱ्यात गेला, त्याने वेताची खुर्ची उचलली. पण तो आतल्या दाराकडे वळला नाही. त्याने पायाने सोफा हातभर सरकवला आणि मोकळ्या झालेल्या जागेत, डब्याच्या समोर, खुर्ची ठेवली. अप्पा बसले. पावलं फरशीवर टेकवली.

"काका, याचा आवाज किती ठेवायचा?"

"मला विचारू नका," खर्जकाका गुडघ्यांचे पट्टे सोडत म्हणाले. "ज्यांना कळतं त्यांना विचारा."

मुलगा डब्याशी खाली बसला. बटण थोडं वर केलं आणि वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं. अप्पांनी बोट वर केलं: अजून. त्याने फिरवलं. तळवा आडवा झाला: जरा कमी. त्याने कमी केलं.

काकांनी पिशवी उचलली आणि चपला दाराबाहेर नेऊन घातल्या, आवाज नको म्हणून. दार ओढून घेताना त्यांनी एकदा आत पाहिलं. अप्पांचे डोळे मिटलेले होते, आणि मुलगा बटणावर बोट ठेवून पुढच्या खुणेची वाट पाहत बसला होता. त्याला कसलीच घाई दिसत नव्हती.