पुढे जाण्यासाठी बटण दाबा

"बाबा, दाबा ना बटण!" न्हाणीघरातून वैभवी ओरडली. "कोणतंही दाबा. रोजचंच आहे ते."

गणपतरावांचं बोट लॅपटॉपवर अधांतरी थांबलं होतं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत पांढरी अक्षरं उमटली होती. बॅटरी निकामी झाली आहे, ताबडतोब बदला. आणि त्याखाली, जणू काही झालंच नाही अशा थाटात, पुढे जाण्यासाठी कोणतंही बटण दाबा.

त्यांना ते दाबवेना. तेहतीस वर्षं त्यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली होती. तिथे आत शिरताना खिशातलं नाणंसुद्धा बाहेर ठेवायचं, दाराशी तांब्याच्या पट्टीवर तळहात टेकवून अंगातली वीज मातीला द्यायची. चपला बाहेर काढायच्या, भीती मात्र काढायची नाही. ती सोबत घेऊनच आत जायचं. इशारा वाचून पुढे जायची वाटच तिथे नव्हती. गणपतरावांच्या पाळीत कधी काही घडलं नाही. काही न घडणं, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं.

ते उठले, तांब्याच्या पट्टीच्या सवयीनं नळाच्या तोटीला हात लावून आले, आणि मग लॅपटॉपच्या पोटाखाली बोटं सरकवली. ओला चारा खाऊन फुगलेल्या गाईच्या कुशीसारखं ते पोट ताठ लागलं. टेबलावर तो सरळ बसतही नव्हता.

केस पुसत वैभवी आली, येता येताच तिनं बटण दाबलं. गणपतरावांनी डोळे मिटले. पडदा उजळला, बस.

"बेटा, हे फुगून राहिलं. बंद कर."

"दोन महिन्यांपासून असंच आहे, बाबा. अकराला इंटरव्ह्यू आहे. दहा मिनिटं राहिली."

"वायर तरी काढ."

"वायर काढली की बंद पडते ना! मोबाइलवर त्यांचं चालत नाही. दीड वर्षानं एक कॉल आला, आन् तुम्ही काहून असं करून राहिले? खोलीत दुसरं कोणी नको, कंपनीचा नियम आहे. चलो, जा बरं."

ते गेले. जिन्याखाली बांधकामाची नर्मदेची वाळू उरली होती, तिची बादली भरली. परत आले तेव्हा वैभवी बोलायला लागली होती. बादली त्यांनी अलगद टेकवली आणि टेबलाच्या पलीकडे, पडद्याच्या पाठीमागे, जमिनीवर बसले. तिथलं कॅमेऱ्याला दिसत नाही, एवढं त्यांना कळत होतं. हात वर करून त्यांनी तळवा लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली सरकवला.

वैभवीचे डोळे मोठे झाले. पण ओठ बोलत राहिले.

कोमट. मग गरम. मग चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखं. पोरीचं पोट त्या पेटीपासून वीतभर अंतरावर होतं, आणि ती हसून सांगत होती की कामाचा ताण तिला आवडतो. गणपतराव मनात आकडे मोजू लागले. मोजणं चुकलं, पुन्हा पहिल्यापासून धरलं.

टक् करून आत काहीतरी उसवलं.

"अगं माय!" त्यांच्या तोंडून गेलं.

लॅपटॉपमधली बाई थांबली. "वैभवी, कमरे में कोई और है?"

वैभवीनं बापाकडे पाहिलं. बापानं जोरजोरात मान हलवली. नाही म्हण. नाही म्हण, बाई.

"हाँ मॅडम," वैभवी म्हणाली. "मेरे पापा हैं. बैटरी फूल गई है. वो नीचे हाथ लगाकर बैठे हैं."

पलीकडची बाई पडद्याजवळ झुकली.

"बंद कीजिए उसे. हम देखते हैं, फिर बताएँगे."

गणपतरावांनी वायर उपटली. न्हाऊ घातलेलं बाळ उचलावं तसा लॅपटॉप दोन्ही हातांनी छातीपासून लांब धरून गच्चीवर नेला, मग बादली वर नेऊन वाळूत पुरला, आणि पोरीला जिन्याच्या वर येऊ दिलं नाही.

दुपार कलली. दोघं जिन्यात बसली होती, मध्ये मोबाइल. तो वाजला नाही. नर्मदेच्या तिलवारा घाटाकडून गार वारा सुटला होता.

"मी खूण केली होती तुला," गणपतराव म्हणाले.

"पाहिली मी."

"मंग?"

"मंग काय. तुम्ही होते ना तिथं."

ती चहा करायला उठली. कपबशी हातात दिली तशी ती खडखड वाजू लागली. गणपतरावांनी दुसऱ्या हातानं बशी दाबून धरली, तरी वाजतच राहिली. वैभवीनं ती हातातून काढून घेतली, आत गेली, आणि चहा स्टीलच्या पेल्यात ओतून आणला. पेला अर्धाच भरला होता.

कामावर त्यांचा हात कधी कापला नव्हता. तो कापायचा घरी आल्यावर, आणि ते एकट्या शकुला, वैभवीच्या आईला, ठाऊक होतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

त्यांनी दोन्ही तळव्यांत पेला धरला. एक थेंब सांडला नाही.