पोरांच्या बाकावर सहा वर्षं

"पाळकसाहेब, सहा वर्षं तुम्ही मला पोरांच्या बाकावर डांबून ठेवलंय!" शिवणकामवाली चर्चच्या धर्मशिक्षणाच्या भर वर्गात कडाडली.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीत सामील करून घेण्याआधी पाळक दरवर्षी वर्गातल्या प्रत्येकाला विचारत, सगळ्यांना क्षमा केली का? बाकीची पोरं झटकन हो म्हणून सुटत. हिला खोटं बोलवत नव्हतं. सासूने तिचं शिलाई मशीन रस्त्यावर फेकलं होतं, आणि आता तीच सासू अंथरुणाला खिळली होती.

"आधी म्हातारीचं तोंड बघवत नव्हतं. आता रोज तिची वेणी घालते. मशीन आठवलं की कंगवा जरा जोरात फिरतो, एवढंच."

"मग अजून एक वर्ष बसा, बाई."

बाकात अडकलेले गुडघे सोडवत ती उभी राहिली. "बसते. पण साहेब, तुमची क्षमा कोणत्या वर्षी पुरी झाली, ते आधी सांगा!"