अकरा नंबरची सुई

मुलांनो, एक लांबलचक खोली डोळ्यांपुढे आणा. दोन्ही भिंतींना लागून लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेला चाकं. खाटेचा नंबर मात्र खाटेवर नाही. तो वर भिंतीवर, लाल रंगात. दाराशी सिस्टरांचं टेबल. आता त्या खाटांवर तुमच्याच वयाची आजारी पोरं निजवा. झाला वॉर्ड तयार. नागपूरच्या धंतोलीतला, साल शहाऐंशी.

या वॉर्डाच्या प्रमुख प्रेमिला सिस्टर. त्यांची एक जुनी रीत होती: जे पोर जास्त आजारी, त्याची खाट टेबलाजवळ. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात एकच नर्स असायची. तिने मान वर केली की ज्याची काळजी, त्याचं तोंड समोर दिसायला हवं. पोराला उतार पडला की त्याची खाट मागे जायची, दुसऱ्याची पुढे यायची. चाकं सारखी कुरकुरत असायची.

मग दवाखान्यात कॉम्प्युटर आला. त्याला थंड हवेची खोली मिळाली. वॉर्डातल्या पोरांना ती मे महिन्यातही मिळाली नव्हती. मुंबईहून श्रीधर नावाचा प्रोग्रामर आला आणि चार महिने ऑफिसात बसून त्याने मशीनला दवाखाना शिकवला. मोठ्या डॉक्टरांना विचारलं, हिशेबनिसांना विचारलं. ज्यांच्या हातून पोरांना औषध मिळतं, त्या नर्सना कोणी विचारलं नाही. प्रेमिला सिस्टर दोनदा मीटिंगच्या दारापर्यंत गेल्या. "सिस्टर, हे टेक्निकल आहे," म्हणत दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी दार लोटून घेतलं.

मशीन सुरू झालं त्याच आठवड्यात चार वर्षांची भागीरथा खालावली. तिला मधुमेह होता. रक्तातली साखर वाढून ती ग्लानीत गेली. सिस्टरांनी तिची खाट अकरा नंबरवरून टेबलाशी, दोन नंबरवर आणली. दोनवरची गोपिका बरी होत आली होती, ती गेली अकरावर. गोपिका नऊ वर्षांची, वाडीच्या गोदामात माल उतरवणाऱ्या रुपरावांची लेक, आणि तोंडाची भारी तिखट.

दुपारी मशीनमधून औषधांचा छापील कागद आला. मशीनला पोरं ठाऊक नव्हती, नुसते नंबर ठाऊक होते. अकरा नंबरला इन्सुलिन. शिकाऊ नर्स सुई घेऊन अकराखाली गेली आणि तिने गोपिकाचा दंड धरला.

"काहून वं ताई?" गोपिकाने हात ओढून घेतला. "माह्या सुया कालच बंद झाल्या. हे त भागीरथाची सुई हाय. तिले रोज देतेत, मी पाहून राहिली ना."

"कागदावर अकराच आहे गं."

"मंग कागदालेच टोच."

सिस्टर धावत आल्या. त्यांनी सुई काढून घेतली आणि आधी भागीरथाला तिचं औषध दिलं. ती सुई गोपिकाला बसली असती, तर पोर बघता बघता बेशुद्ध पडली असती.  

संध्याकाळी साहेबांचा हुकूम आला. चूक मशीनची नाही. वॉर्डाने खाटा हलवल्या म्हणून घोटाळा झाला. यापुढे एकही खाट हलवायची नाही. भागीरथा सलाईनच्या स्टँडसकट परत अकरावर गेली, पार टोकाला, खांबाआड. गोपिका परत दोनवर.

सिस्टर तडक कॉम्प्युटरच्या खोलीकडे निघाल्या. बाहेर पाटी होती, चपला काढा. त्यांनी काढल्या नाहीत.

"वॉर्ड पाहिला काय तुम्ही?" त्यांनी श्रीधरला विचारलं.

"नकाशा आहे ना माझ्याकडे."

"नकाशावर पोरं झोपतात काय?"

श्रीधर गोरामोरा झाला. "मला ऑफिसनं सांगितलं, खाटेचा नंबर म्हणजे पेशंट."

"अन् तुम्ही ऐकून घेतलं. आमच्यातल्या एकीले विचारलं असतं, तर चहा निवायच्या आत सांगितलं असतं. खाट हलते, पोराचं नाव हलत नाही. उठा, चला."

तो आला. कुणीतरी खबर दिली असावी, मागोमाग साहेबही आले. श्रीधर भिंतीवरचे नंबर बघत राहिला, मग खाली वाकून चाकं बघत राहिला.

"सर, यांचं बरोबर आहे. औषध पेशंटच्या नावावर आणि केस नंबरवर घ्यायला हवं होतं. बदलायला दोन महिने लागतील."

"मग दोन महिने खाटा जागच्या जागी राहतील," साहेब म्हणाले.

"अन् मशीन शिकेस्तोवर या लेकरानं दम धरायचा?" सिस्टरांचा आवाज चढला. "तोवर औषधं आम्ही हातानं लिहू सर, आजवर लिहितच होतो. पण रात्री ही मुलगी टेबलावरून दिसत नाही."

"शिस्त म्हणून काही असतं, सिस्टर. एवढं महागाचं मशीन घेतलंय ते कशासाठी?"

 पोरांच्या उशाशी बसलेल्या आया साहेबांकडे बघू लागल्या. भागीरथाच्या आईने लेकीचा पाय घट्ट धरून ठेवला.

गोपिका खाटेवरून उतरली. अनवाणीच वॉर्ड ओलांडून ती अकरापाशी गेली, भागीरथाच्या खाटेचा लोखंडी दांडा तिने दोन्ही हातांनी धरला आणि खाट टेबलाकडे ढकलू लागली. चाक आडवं होऊन अडलं. तिने मान वळवून श्रीधरकडे पाहिलं.

"उभे काहून राहिले गा? तिकून धरा."

आणि तो येतो की नाही हे न बघता तिने दांड्याला खांदा लावला. खाट हलली.