टेबलाचा थांबा

कीर्तनात बुवांनी पहिली ओळ उचलली, की आज डोळे भरून येणार की नुसतंच घड्याळ बघत बसावं लागणार, ते मला तिथल्या तिथे कळतं. त्या दिवशी आमच्याकडे आलेल्या बाईंची पहिली ओळ मात्र साफ आपटली. तरी त्यांच्याइतकी सुरेख ओळख करून देणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

माझे सासरे घड्याळजी. काचबिंदूने त्यांची दृष्टी नेली, तेव्हापासून दिवसभर कुणीतरी सोबत लागतं. आजवर आलेलं प्रत्येक माणूस त्यांनी आठवड्याच्या आत पिटाळलं होतं. यजमान बोटीवर, माझी रजा संपलेली; सोमवारी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर हजर व्हायलाच हवं होतं. नणंदेने जड मनाने निकाल दिला होता: ही बाईही टिकली नाही, तर बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं. ते ऐकून मामंजी एवढंच म्हणाले, "ठेवा. माझं टेबल तेवढं बरोबर द्या."

त्या सकाळी वन्संनी कंबर कसली. "वहिनी, बाईंचं मत पहिल्या भेटीतच बनतं हो!" म्हणत खोली लख्ख केली. टेबलावरचे चिमटे, पेचकस खणात गेले, पेला स्वयंपाकघरात, स्टूल दाराशी. मग बाई आल्या तशी त्यांचीही उजळणी घेतली.

"मोठ्याने बोला. अनुभव सांगा. चेहरा हसरा ठेवा."

"हसरा चेहरा त्यांना दिसणार कसा?" बाईंनी विचारलं.

"आता वाद नको!"

बाई आत शिरल्या आणि ओरडल्या, "नमस्कार आजोबा! मला रुग्णसेवेचा..."

"मी आंधळा आहे, बहिरा नाही," मामंजी म्हणाले. "आणि आजोबा तुमच्या घरी."

बाई गडबडून मागे सरल्या त्या थेट स्टुलावर. स्टूल धाडकन आडवं झालं. मामंजी त्या आवाजाने दचकले, पेल्यासाठी त्यांनी हात लांबवला. हात टेबलभर फिरला आणि रिकामा परत आला. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतीच मान खाली घातली. आटोपलं सगळं, मी मनात म्हटलं.

बाईंनी स्टूल उभं केलं. आवाज खाली आला.

"काका, स्टूल मी पाडलं. आणि मघाचं भाषण माझं नव्हतं, दारात शिकवलेलं होतं." वन्सं लालबुंद. "सेवा मी फक्त माझ्या आईची केली. बाकी सगळी नोकरी बसमध्ये, कंडक्टर म्हणून. थांबे पुकारायची सवय आहे, तेवढं येतं. आता मी दारात आहे. येऊ का पुढे?"

मामंजींची मान वर झाली. "या."

"कपाट आलं. पलंगाचा कोपरा. आता तुमच्या उजव्या हाताला, टेबल." बाई थबकल्या. "टेबल मोकळं आहे, काका. इथे काही असायचं का?"

"मोकळं?"

"मीच आवरलं, बाबा," वन्सं पुटपुटल्या. "परकं माणूस येणार म्हणून..."

"अगं पोरी," मामंजी हळूच म्हणाले, "माझे डोळेच आवरून ठेवलेस की."

वन्संनी धावत जाऊन खण उघडला. त्या एकेक वस्तू देत गेल्या, बाई पुकारत गेल्या.

"मोठा चिमटा. कुठे उतरवू?"

"डावीकडे. अगदी कडेला."

"लहान पेचकस?"

"त्याच्या पुढे. चिकटून नको, मानी आहे तो."

प्रत्येक वस्तू ठेवली की त्या थांबत. मामंजींचा हात तिथे जाऊन आल्यावरच पुढची. स्टूल पलंगाच्या पायथ्याशी गेलं. मी पेला भरून आणला.

"याला राखीव जागा," मामंजी म्हणाले. "मागचा कोपरा."

हात लांबवला आणि पेला पहिल्याच झटक्यात मिळाला. घोट घेऊन त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "तिकीट किती?"

"ज्येष्ठांना अर्धं. पण 'पुढे सरका' म्हटलं की सरकायचं. हुज्जत चालणार नाही."

मामंजी खदखदून हसले. या घरात ते हसू मी विसरूनच गेले होते. देव व्यासपीठावरूनच बोलतो असं थोडंच आहे? पाडलेल्या स्टुलाशेजारी उभा राहूनही बोलतो.

निघताना बाईंनी पुकारलं, "पलंग गेला. कपाट गेलं. दार आलं, मी उतरते."

"अहो बाई," मामंजींनी हाक मारली, "सोमवारची पहिली गाडी कधी?"

वन्संनी पदर डोळ्यांना लावला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई घराबाहेर पडायच्या आधी, काका."