फुकटाला रकाना नाही

शनिवारी सकाळी अकरा वाजता वर्षा राठोडने वाचनालयाचा सहावा संगणक सुरू करून दाखवला, आणि नंदकिशोर धर्माधिकारींनी लगेच पावती मागितली.

धर्माधिकारी उमरखेडच्या त्या वाचनालयाचे सचिव. कचेरीत छत्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. दाखल रजिस्टरात चढल्याशिवाय त्यांच्याकडे साधा झाडूही वापरात येत नसे. जुने संगणक रजिस्टरात होते, पण त्यांत वर्षाने नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती. ती नवी वस्तू, म्हणून नवी नोंद हवी.

"पावती नाही, काका. हे फुकट असते."

"फुकटाला रकाना नाही माझ्याकडे." त्यांनी रजिस्टर तिच्याकडे वळवलं. "खरेदी आहे, देणगी आहे. तुमच्या तांड्यात देतात का असं, बिनकागदाचं?"

"तांड्यात चाय फुकट भेटते, काका. रजिस्टर नसते."

शेजारी पुस्तकांवर शिक्के मारणाऱ्या शीलाबाई हसल्या. धर्माधिकारी हसले नाहीत. सोमवारी यवतमाळहून तपासणी होती. नोंद झाली नाही तर संगणकखोली कुलूपबंद राहणार होती, आणि काम दुसऱ्याला जाणार होतं. फुलसावंगीजवळच्या तांड्यातून येऊन बसस्टँडसमोर दुकान टाकलेल्या वर्षाचं हे संस्थेचं पहिलंच काम. ते फसलं तर तालुक्यातली दुसरी संस्था तिला दारात उभं करणार नव्हती.

"याच्या अटी असतील ना कुठे?" धर्माधिकारींनी विचारलं.

असतात, पण त्या कोणी वाचत नाही. वर्षाने स्वतः 'मान्य आहे' वर बोट ठेवलं होतं आणि पुढे गेली होती. तिने एकोणीस पानं छापून दिली. इंग्रजी पाहून म्हातारा दमेल, असं तिला वाटलं.

रविवारी सकाळी आठला धर्माधिकारींचा फोन आला: लगेच ये.

वाचनालयात टेबलावर ती एकोणीस पानं पडली होती, लाल पेन्सिलीने रंगलेली. धर्माधिकारींनी सातव्या पानावर बोट ठेवलं. "ही फुकट सवलत व्यक्तीसाठी आहे. स्वतःच्या शिकण्या-वापरण्यासाठी. आपलं वाचनालय व्यक्ती आहे का?"

वर्षाने ओळ दोनदा वाचली. सहाही संगणक तिने स्वतःच्या नावाच्या खात्यावर चढवले होते. तिचे कान तापले.

"चुकलं, काका. मले ठाऊकच नव्हतं."

"ठाऊक नव्हतं असं नाही, वाचलं नव्हतं." ते शांतपणे म्हणाले. "आता?"

"एक इलाज आहे. ही सिस्टीम कंपनीची आहे, पण तिचा मूळ कोड सगळ्यांसाठी मोकळा आहे. कंपनी पैसे घेते ते स्वतःच्या नावाचे, दुरुस्तीचे, फोनवर मदत करायचे. बाकीचे लोक तोच कोड घेतात, कंपनीचं नाव काढतात, अन् तशीच दुसरी सिस्टीम बनवून वाटतात. ते संस्थेलेही चालते."

"म्हणजे चिवडा तोच, पुड्यावरचं नाव काढलं. ही तर चोरी झाली."

"कायची चोरी? लायसनमध्येच लिहून असते. घ्या, बदला, वाटा. फक्त पुढच्याले हेच हक्क द्या, अन् आमचं नाव लावू नका."

"दाखव."

तिने दाखवलं. धर्माधिकारींनी शब्दाशब्दाखाली पेन्सिल फिरवली. वर्षा ती दुसरी सिस्टीम पेनड्राइव्हवर घेऊन पहिल्या संगणकापाशी बसली. सहावा संपेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले, आणि या खेपेला 'मान्य आहे' दाबण्याआधी तिने प्रत्येक ओळ वाचली. शीलाबाईंनी दोनदा चहा आणला.

"वाटायची परवानगी लेखी आहे," धर्माधिकारींनी शेवटी जाहीर केलं. "तेव्हा ही देणगी." त्यांनी रजिस्टर उघडलं, आणि पेन थांबलं. "दात्याचं नाव?"

"हजारो लोक आहेत, काका. जगभरातले."

बराच विचार करून त्यांनी लिहिलं: 'अनेक दाते, जगभर. परवाना सोबत जोडला आहे.' देणगीदाराला आभारपत्र पाठवायची वाचनालयाची जुनी रीत होती. तेही त्यांनी स्वहस्ते लिहिलं, खाली गोल शिक्का मारला आणि वर्षापुढे सरकवलं. "यांचा पत्ता तूच शोध."

सोमवारी तपासणीच्या मॅडम आल्या. त्यांनी संगणक चालू करून पाहिले, रजिस्टराची पानं भराभर उलटली आणि सही करायला पेन काढलं. वर्षाने श्वास सोडला.

"मॅडम," धर्माधिकारी म्हणाले, "शेवटची नोंद तुम्ही वाचली नाही."

वर्षाने डोळे मिटले. मॅडमनी पान मागे उलटलं, नोंद वाचली, जोडलेला परवाना चाळला. मग मान वर केली.

"हे खरंच कोणालाही घेता येतं?"

"येतं ना," वर्षा म्हणाली.

"आमच्या ओळखीची आणखी चार वाचनालयं आहेत. त्यांच्याकडे करून द्याल?"

वर्षा हो म्हणणार, इतक्यात धर्माधिकारींनी परवान्याच्या पानांची चळत उचलून मॅडमपुढे ठेवली.

"देईल ती. पण आधी त्यांना हे वाचायला सांगा. पूर्ण."