आजोळ, जेवणासह

"आजी, परत एकदा थापा ना. मघाशी मध्ये माझाच हात आला."

कौसल्याच्या परातीतली भाकरी थापून झाली होती, नुसती उचलून तव्यावर टाकायची बाकी होती. पण मोबाईल धरून समोर उकिडवी बसलेली पुण्याची बाई इतकी गोड हसली, की कौसल्यानं भाकरी मोडली, पिठाचा परत गोळा केला आणि पहिल्यापासून थापायला घेतली. सकाळपासून एका भाकरीचे असे हाल चालले होते. एवढ्या वेळात घरच्यांची जेवणं उरकून भांडीसुद्धा घासून झाली असती.

चूल नुसती दाखवायची होती. खरा स्वयंपाक मागच्या पत्र्याच्या खोलीत गॅसवर व्हायचा आणि तो अनिसा करायची. अनिसा रोज भवानीनगरहून स्कूटीवर यायची. हाताला चटपटीत आणि जिभेला त्याहून चटपटीत. "तुमचं शूटिंग चालू द्या मावशी, मी वांग्याचं बघते," असं म्हणून ती आत पळायची.

भवानीनगरच्या अलीकडे, उसातून आत येणाऱ्या वाटेवर कौसल्याच्या मुलानं, दिग्विजयनं, बोर्ड लावला होता : 'आजोळ. दोन दिवस राहणे, जेवणासह.' दिग्विजयची तिशी कधीच उलटली होती. ऊस होता, पाणी होतं, नाकीडोळी नीटस होता, पण लग्न काही जमत नव्हतं. मुलगी बघायला गेलं की पोहे यायच्या आधी प्रश्न यायचा, शेतीशिवाय काय करतो? तेव्हा त्यानं घरच्या खोल्या शेणामातीच्या रंगाच्या ऑइलपेंटनं रंगवल्या, लिंबाला झोका बांधला आणि शहरातल्या लोकांना सुट्टीपुरतं खेडं द्यायला सुरुवात केली. लोकांनाही आता एका सुट्टीत समुद्र आणि दुसऱ्या सुट्टीत शेत लागतंच. धंदा चालला.

कौसल्याचा नवरा गेणबा. जन्म ट्रॅक्टरवर गेलेला माणूस, तो आता फेटा बांधून शेजाऱ्याच्या बैलांची गाडी हाकायचा. लग्नापासून सहावारी नेसलेली कौसल्या बारामतीहून शिवून आणलेली नऊवारी घालायची. तिच्या खोलीला 'आजीची खोली' असं नाव पडलं होतं आणि तीच आधी भरायची. आजी आणि आबा मात्र जुन्या गोठ्यात फरशी घालून केलेल्या खोलीत निजायचे. आपल्याच घरात आपण कामाला आहोत, असं कौसल्याला अलीकडे वारंवार वाटायचं. पण हे सांगणार कुणाला? धंदा वाईट चालला असता तर तक्रार तरी करता आली असती.

दुपारी रेश्माचा फोन आला. रेश्मा तिची मुलगी, चाकणला दिलेली.

"आई, शाळंला सुट्टी लागली. शनिवारी येतो आमी. योगिनीनं बॅग भरून ठेवलीया."

"या की," कौसल्या म्हणाली, पण म्हणता म्हणता तिला दिवाळी आठवली.

दिवाळीला रेश्मा आली होती, तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. मायलेकी खताच्या पोत्यांच्या खोलीत झोपल्या. दुसऱ्या दिवशी योगिनी झोक्यावर बसली, तर दिग्विजयनं तिला अलगद उचलून खाली ठेवलं, कारण मुंबईची पोरं वाट बघत होती. सात वर्षांच्या पोरीनं अगदी साधेपणानं विचारलं होतं, "मामा, आपलं बुकिंग न्हाय का?" सगळे हसले. रेश्मा हसली नव्हती. ती ठरल्यापेक्षा लवकर परत गेली. तेव्हा कौसल्यानं मुलाकडून शब्द घेतला होता, मे महिन्यात एक खोली लेकीची. पावसाळा लागेपर्यंत तिला कुणी हलवायचं नाही.

संध्याकाळी दिग्विजय उसाच्या पाण्याची मोटार बंद करून आला. कौसल्यानं रेश्माचं सांगितलं, तसा तो पायातली चप्पल काढता काढता थांबला.

"या शनिवारी? आई, कंपनीचा ग्रुप हाय. सगळ्या खोल्या गेल्या."

"तू शबुद दिला हुतास."

"व्हय, दिला हुता. पर ही लोकं दर म्हैन्याला येणार म्हणत्यात. ताईला म्हणावं, सोमवारी ये. सोमवार ते गुरुवार कुणी नसतंय. निवांत ऱ्हा म्हणावं."

"आन् शुक्रवारी?"

दिग्विजयनं काढलेली चप्पल परत पायात सरकवली. मग त्यानं स्वतःच बहिणीला फोन लावला. ताईला आपण समजावू, असं त्याला खरंच वाटत होतं. पलीकडचा आवाज कौसल्याला बसल्या जागी ऐकू आला.

"म्हायेराला बी आता सीझन आन् ऑफ सीझन व्हय रं? शुक्रवारी खोली खाली करायची, आन् सोमवारी परत यायचं?"

"ताई, तसं न्हाय गं..."

"कसं का असंना. दुसऱ्यांच्या पोरांचा मामा झालास, लई झाक झालं. आईला दे."

आईशी बोलताना मात्र रेश्माचा आवाज उतरला. "आई, आमी कोकणात चाललोय. आंजर्ल्याला. ह्यांच्या दोस्तानं घर सांगितलंय, समुद्राच्या कडंला. पैसं दिलं की तितं तरी कुणी उठ म्हणत न्हाय. गाडीत जागा हाय. तू चल आमच्यासंगं."

"मी?"

"तूच. समुद्र बघितलायस का कवा?"

नव्हता बघितला. उजनीचं पाणी तेवढं बघितलं होतं. पण समुद्राचं तिला एवढं नव्हतं. रात्री योगिनी पोटाशी झोपेल, सकाळी उठून कुणाला काही करून दाखवायचं नसेल, हे तिला इतकं हवंसं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. "येते," ती म्हणाली. आणि फोन ठेवून मोठ्यानं जाहीर केलं, "मी रेश्मासंगं चाललीया. तुमचं तुमी बघा."

गेणबानं फेटा सोडता सोडता मान डोलावली. "जा. तुझ्या जिवाला बी बरं वाटंल." दिग्विजयनंही हरकत घेतली नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. कौसल्या भांडणाच्या तयारीनं पदर खोचून उभी होती आणि भांडायला समोर कुणी आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. योगिनीसाठी कुरडया घेतल्या, शेंगदाण्याचे लाडू केले, दोन सहावारी पातळं घडी घालून ठेवली. अनिसाला तर तिच्यापेक्षा जास्त उत्साह. "मावशी, वाळूत चप्पल काढून चाला. आन् हिकडं फोन करून भाजीत मीठ किती, आसलं इचारत बसू नका."

"आन् चुलीपाशी कोण बसंल गं?"

"बसंल कोन तरी. न्हाय बसलं तर चूल काय रडत न्हाय."

दुपारचं ऊन उतरल्यावर कौसल्या पाणी मारायला अंगणात गेली, तर चुलीपुढे दिग्विजय बसला होता. परात मांडीशी ओढून भाकरी थापत होता. भाकरी कसली, भारताचा नकाशाच तो, आणि तोही कडेला चिरलेला. उचलायला गेला की मधोमध तुटायची. तो परत गोळा करायचा, परत थापायचा. एकदा तव्याला बोटं लागली, तशी झटकन तोंडात घातली. ती दारात उभी आहे हे त्याच्या ध्यानात नव्हतं. तो स्वतःशीच बोलत होता, शनिवारी पाहुण्यांपुढे जसं बोलणार होता तसं. "नमस्कार. आजी गावाला गेलीया. आज मामाच्या हातची भाकरी..." एवढं म्हणून त्यानं तव्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

पोरगा लबाडी करत नव्हता. आईला दाखवायलाही करत नव्हता. म्हणूनच कौसल्याचा इलाज चालेना. गेल्या महिन्यात काटेवाडीच्या मुलीकडच्यांनी नकार कळवला, तेव्हा हाच रात्री न जेवता झोपला होता आणि सकाळी उठून मुकाट उसाला पाणी द्यायला गेला होता. त्याच्यावर राग धरावा तर धरवत नव्हता आणि सोडावा तर रेश्माचा उतरलेला आवाज कानातून जात नव्हता. एक लेकरू पोळलेली बोटं चोखत समोर, एक लेकरू चाकणला. कुणाच्या बाजूनं उभं राहिलं तरी दुसऱ्याचा घात.

"सरक," ती म्हणाली. "पानी लई झालंय पिठात."

"तू जा आई. मी करतो की."

"सरक म्हणते ना."

पिशवी तिनं रिकामी केली नाही. कुरडया आणि लाडू तसेच ठेवून फक्त पातळं काढली, आणि चाकणला निघालेल्या, गावातल्या मुबीनच्या टेम्पोत पिशवी देऊन टाकली. रेश्माला फोनवर म्हणाली, गुडघा दुखतोय. रेश्मा एवढंच म्हणाली, "बरं." आईचा गुडघा दुखत नाही हे तिला माहीत होतं आणि तिला माहीत आहे हे आईला.

रविवारी सकाळी कंपनीची माणसं बैलगाडीत बसून फिरून आली. कौसल्या पायरीवर बसून त्यांच्यातल्या एका मुलीच्या केसांना तेल लावत होती. हे नवीन होतं, या ग्रुपनंच सुचवलेलं. मुलगी गोड होती, चुळबुळ करत नव्हती. मांडीवरचा फोन वाजला.

"आजी, समुद्र लई मोठ्ठा हाय!"

"आत जाऊ नगंस हां योगी. पपाचा हात धर."

"आजी, हितं पण एक आजी हाय. तिनं माझ्या डोक्याला तेल लावलं. खोबऱ्याचं. वेणी पण घातली."

कौसल्याचा हात समोरच्या मुलीच्या केसांत थांबला. तेलकट बोटांतून फोन निसटतो की काय, म्हणून तिनं तो खांद्यानं दाबून धरला.

"नाव काय गं तिचं?"

"आजीच. सगळी आजीच म्हणत्यात."

"आत्ता काय करती ती?"

"घावनं करती. लई लोकं हायत जेवायला."

"तिला इचार, चा घेतला का. म्हणावं, बसा जरा."

योगिनी धावली. फोनमध्ये वारा घुमला, मग भांड्यांचा आवाज, मग तिनं धापा टाकत निरोप सांगितला. पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. मग एक थकलेला, अनोळखी आवाज आला, "कोण गो विचारतंय?"

"माझी आजी," योगिनी म्हणाली.

त्यावर ती बाई काही बोलली, पण वाऱ्यात ते ऐकू आलं नाही आणि फोन तुटला.

"आजी, दुसरी वेणी?" समोरच्या मुलीनं मान न वळवता विचारलं.

"घालते की," कौसल्या म्हणाली. तिनं तीन पेड नीट घट्ट घातले, टोकाला रबर गुंडाळलं आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिला पाठवून दिलं. झोक्याजवळ सगळे फोटोसाठी उभे राहिले होते, मधली जागा मोकळी सोडून. "आजी! ओ आजी, या ना!" त्यांची हाक आली. दिग्विजयही हात करत होता.

तिनं नऊवारीच्या ओच्याला हात पुसले. त्यांना अजून दोन हाका मारू दे, असं ठरवून ती पायरीवर बसून राहिली.